चौथ्याची सही

परदेशी बदली झालेल्या कर्मचाऱ्याने सहकुटुंब कुठे राहावे हा प्रश्न गंभीर आहे, आणि तो गंभीरपणेच सोडवला पाहिजे, असे कंपनीच्या परिपत्रकात म्हटले होते. परिपत्रक नऊ पानांचे होते. घर निवडताना ध्यानात घ्यायच्या एकतीस बाबी त्यात दिल्या होत्या. हवा, उजेड, पाणी, शाळा, दवाखाना, कचरा कोणत्या वारी उचलतात, दाराची कडी कुठल्या बाजूने लागते, सगळे होते. बत्तिसावी बाब तेवढी नव्हती. ती कोणी कागदावर आणेल असे परिपत्रक काढणाऱ्याला वाटले नसावे.

ज्याची बदली झाली तो उद्वाहन अभियंता होता. म्हणजे लिफ्टचे काम करायचा. पण लिफ्टवाला म्हटले की माणूस तळमजल्यावर राहतो आणि उद्वाहन अभियंता म्हटले की आपोआप दोन मजले वर जातो, म्हणून तो स्वतःला कधी लिफ्टवाला म्हणवून घेत नसे. बोलणारी लिफ्ट ही त्याची खासियत. मजला आला की लिफ्ट तो मोठ्याने सांगते. आत उभ्या असलेल्या माणसाला आकडा वाचता येत असतो, तरी सांगते. लिफ्टला बोलायला शिकवले म्हणून त्याला बढती मिळाली आणि बढती मिळाली म्हणून बदली.

घरात बायको होती आणि आठ वर्षांची मुलगी होती. मुलीला घरात मुंगी म्हणत, कारण ती भिंतीच्या कडेकडेने चालायची. मुंगी अडखळत बोलायची. एकेका शब्दाच्या उंबऱ्यावर तिला चार-चार वेळा ठेच लागायची. बापाने तिच्यासाठी काही केले नव्हते असे मात्र कोणी म्हणू नये. तो तिची वाक्ये पूर्ण करायचा. सकाळी तिने "ब-ब-" म्हटले की तो "बिस्किट" म्हणून बिस्किट द्यायचा. तिला बूट हवे असायचे. ती बिस्किट खायची.

नव्या शहरात कंपनीने त्यांना तीन आठवडे अतिथिगृहात ठेवले, दोन घरे दाखवली आणि सोबत एक दुभाषी दिला. दुभाषी प्रमाणित होता. शब्दाला शब्द द्यायचा, पदरचे काही घालायचे नाही आणि गाळायचे नाही, अशी शपथ त्याने घेतलेली होती. पुढे जे घडले त्यात त्याचा एवढाच दोष, की त्याने ती पाळली.

पहिले घर एका लाँड्रीच्या वर होते. दोन खोल्या, चार खिडक्या, सकाळपासून ऊन. खालच्या यंत्रांच्या उबेने जमीन कोमट. समोर शाळा. त्या शाळेत अडखळणाऱ्या मुलांना रोज एक तास घेऊन बसणाऱ्या बाई होत्या, आणि त्या तासाला एकच जागा शिल्लक होती. अट एवढीच, की मूल त्याच गल्लीत राहणारे हवे. जागा शुक्रवारपर्यंत राखून ठेवतो, असे शाळेने सांगितले. त्या दिवशी सोमवार होता.

घर पाहून खाली उतरताना मुंगी लाँड्रीत थबकली. एका गोल दारामागे कपडे गरगरत होते. लाँड्रीवाला इस्त्री करत होता. जाड भिंगांचा चष्मा, साबणाने पांढरी पडलेली बोटे. मुंगीने त्याला मराठीत विचारले, "ह-हे कपडे ग-ग-ग-"

लाँड्रीवाल्याने इस्त्री उचलली आणि तशीच हवेत धरून तो थांबला. इस्त्रीतून वाफ निघत राहिली. त्याला मराठीतले एक अक्षर येत नव्हते. पुढचा शब्द कोणता येणार हे त्याला ठाऊकच नव्हते, त्यामुळे तो तिच्या तोंडात कोंबणे त्याला शक्य नव्हते. तो नुसता थांबला. बाप सवयीने "गरम आहेत का" म्हणायला पुढे झाला, तेवढ्यात बायकोने त्याच्या पायावर पाय दिला.

"-गरगरून द-दमत नाहीत का?" मुंगीने वाक्य संपवले. आख्खे. तिचे तिलाच आश्चर्य वाटले.

दुभाष्याने शब्दाला शब्द दिला. लाँड्रीवाल्याने विचार केला आणि उत्तर पाठवले.

"ते म्हणतात, दमतात," दुभाषी म्हणाला. "म्हणून तर नंतर दोरीवर लोळत पडतात."

मुंगी हसली. बायको रस्त्यावर येऊन म्हणाली, "हेच घर. विषय संपला."

"घर चांगलंच आहे गं," अभियंता म्हणाला. "पण पत्ता काय सांगायचा? लाँड्रीच्या वर?"

"अहो, पत्ता सांगायचा नसतो, लिहायचा असतो."

"दादा विचारेल ना. बढती मिळून गेलास आणि राहतोस कुठे, म्हणेल."

"दादांचे शर्ट काय आभाळातून धुऊन पडतात?"

त्याने दुसरे घर पाहायला टॅक्सी बोलावली.

दुसरे घर टॉवरमध्ये होते, चौदाव्या मजल्यावर. त्याच्या गावाकडून आलेले सगळे प्रतिष्ठित त्या टॉवरमध्ये राहत आणि एकमेकांना 'तळ्यावरचे' म्हणत, कारण टॉवरमधून तळे दिसे. या घरातून ते बाथरूमच्या झरोक्यातून दिसे, बादली उपडी करून तिच्यावर उभे राहिल्यास. ऊन येत नव्हते. भिंतीला हात लावला की हात ओला होत होता. शाळा बसने पन्नास मिनिटांवर, वर्गात चाळीस मुले, आणि रोज सकाळी प्रत्येकाने उभे राहून मोठ्याने वाचायचे असा तिथला लौकिक होता. तळमजल्यावर लाँड्रीही होती. पण तिच्यावर तेरा मजले माणसे राहत असल्यामुळे ती दिसत नव्हती.

त्या शहरात घर नुसते आवडून भागत नसे. गृहनिवड कार्यालयात जाऊन कोणते आवडले ते लेखी द्यावे लागे, आणि चांगले असून नाकारले तर कारण द्यावे लागे, तेही तीन प्रतींत. मंगळवारी ते अधिकारीबाईंसमोर बसले. बाई शांत होत्या. बाईंनी परिपत्रकातल्या एकतीस बाबी एकेक करून विचारल्या. हवा? उत्तम. उजेड? उत्तम. शाळा? समोरच. एकतिसाव्या बाबीपर्यंत अभियंता मान हलवत राहिला.

"मग लाँड्रीवरचे घर नको का?" बाईंनी दुभाष्याकरवी विचारले.

"तसं नाही हो," अभियंता म्हणाला, आणि खुर्चीत थोडा पुढे सरकून, जे आपल्याकडे सांगावेही लागत नाही ते त्याने सांगितले. "पण चार लोक काय म्हणतील?"

दुभाष्याने शब्दाला शब्द दिला.

बाईंचे पेन थांबले. "कोण चार?"

"म्हणजे तसे चार नाहीत. म्हणजे आहेत. चार म्हणजे आपले... चार."

"ते त्या घरात राहणार आहेत?"

"छे!"

"भाडे भरणार आहेत?"

"ते कशाला भरतील?"

"मुलीला शाळेत सोडणार आहेत? भिंतीला रंग देणार आहेत? मग करणार काय?"

"ते फक्त म्हणणार."

बाईंनी 'व्यवसाय' या रकान्यात 'म्हणणे' असे लिहिले. मग त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला.

"त्या म्हणतात, हे गंभीर आहे," दुभाषी सांगू लागला. "या शहराचा नियम असा, की ज्याच्या म्हणण्याने घराचा निर्णय बदलतो त्याचं म्हणणं कार्यालयाने ऐकलंच पाहिजे. तुम्ही सांगता असे चौघे आहेत. आजवर तुमच्याकडची किती कुटुंबं इथे येऊन गेली, सगळ्यांनी उन्हाची घरं सोडून ओली घेतली, आणि या चौघांना कोणी एकदाही समोर आणलं नाही. त्यांची नावं द्या."

बायकोने कोपर मारले. "सांगून टाका ना, बोलायची पद्धत आहे म्हणून. कोणी नाहीये."

"खोटी माहिती दिली तर गुन्हा आहे. खाली बारीक अक्षरात लिहिलंय."

"मग खरं सांगा. नाहीत!"

पण ते त्याला जमेना. बेचाळीस वर्षे ज्यांच्या धाकाने तो शर्ट आत खोचत आला, ज्यांना विचारून शिकला, ज्यांना बोलावून लग्न केले, ज्यांना कळू नये म्हणून पोरीला पाहुण्यांसमोर आत पाठवत आला, ते मुळात नाहीतच असे सही करून द्यायला हात धजेना. त्याने म्हणणाऱ्यांची नावे भरायचा नमुना म्ह-चार घेतला. त्यात चौघांसाठी चार रकाने होते, प्रत्येकात तीन ओळी. नाव, नाते, म्हणणे.

पहिला रकाना दादाचा. कार्यालयातूनच व्हिडिओ कॉल लावण्यात आला. थोरला भाऊ पडद्यावर आला तो हनुवटीपासून वर.

"मी?" दादा म्हणाला. "मी कशाला काय म्हणू? तुझं घर, तुझा संसार. लाँड्रीवर राहा नाहीतर पाण्याच्या टाकीवर राहा. माझी काही हरकत नाही. पण..."

"पण?" बाईंनी विचारले.

"पण आपल्यातले चार लोक म्हणतीलच ना."

"नावे?"

दादा इकडेतिकडे पाहू लागला. मग त्याने चुलतभाऊ, साडू, सोसायटीचे सेक्रेटरी आणि एक निवृत्त मुख्याध्यापक अशी चार नावे दिली, आणि नेटवर्क गेल्याचे स्वतःच्या तोंडाने सांगून कॉल बंद केला.

दुसरा रकाना वहिनींचा. या टॉवरमधल्या, सहकाऱ्याच्या बायको. त्या कार्यालयात समक्ष आल्या, ठेवणीतले नेसून.

"अय्या, मला काय करायचंय!" वहिनी म्हणाल्या. "मी तर म्हणते, पोरीचं बघा आधी. माझं मन मोठं आहे. पण आमच्या टॉवरमधल्या बायका आहेत ना... मी नाही हं, बायका." मग त्या मुंगीच्या आईकडे वळल्या. "तुम्हाला बाथरूममधून दिसतं ना तळं? आम्हाला स्वयंपाकघरातून दिसतं."

"भाजी करपत असेल," मुंगीची आई म्हणाली.

वहिनींनी चार बायकांची नावे दिली.

तिसरा रकाना साहेबांचा. साहेब म्हणाले, कंपनी कर्मचाऱ्याच्या खासगी बाबतीत पडत नाही, हे कंपनीचे धोरण आहे आणि त्याचा साहेबांना अभिमान आहे. "मला स्वतःला चालेल. मी तर लहानपणी गोठ्याशेजारी राहिलोय. पण तू आता वरिष्ठ. वरचे चार लोक काय म्हणतील?" वरच्या चौघांची नावे त्यांनी हळू आवाजात दिली.

तिघांमागे चार म्हणजे बारा. बाराही जणांना बुधवारी सकाळी नोटिसा गेल्या. बाराही जणांचे म्हणणे एकच आले, की आपली हरकत नाही, पण. प्रत्येकाने आणखी चार नावे दिली. अठ्ठेचाळीस झाले. दुपारी त्यांच्यामागचे एकशे ब्याण्णव झाले. कार्यालयाने एक जादा कपाट मागवले, आणि दिवसभर तेच तेच लिहून कारकुनाचे बोट दुखू लागल्याने 'पण' असा एक रबरी शिक्का करून घेतला. एकशे ब्याण्णव माणसांत एकही माणूस असा निघाला नाही ज्याची स्वतःची हरकत होती. सगळे उदार, सगळ्यांचे मन मोठे, आणि सगळे थरथरत होते.

छाननीत आणखी एक गोष्ट आढळली. दादाचे नाव इतरांनी दिलेल्या चौघांमध्ये सतरा वेळा आले होते. ज्या मुख्याध्यापकांना दादा घाबरत होता, ते दादाला घाबरत होते. दोघे एकमेकांच्या भीतीने तीस वर्षे एकाच रंगाचे पडदे लावत आले होते.

बुधवारी संध्याकाळी अभियंत्यालाही नोटीस आली. साहेबांच्या वरच्या चौघांपैकी एकाने दिलेल्या चार नावांत त्याचे नाव होते. आपले म्हणणे कळवा. त्याने पुष्कळ विचार केला आणि प्रामाणिकपणे लिहिले, 'माझी हरकत नाही, पण'. शिक्का तयारच होता.

चौथा रकाना रिकामा होता.

"माझ्या आईचं नाव घाला," बायको म्हणाली.

सासूबाईंना फोन लावला. सासूबाई म्हणाल्या, "आजवर मला कशात विचारलं नाही, आणि आता सहीला बरी आठवण झाली जावईबापूंना! लिहून घ्या. पोरीला जिथे बोलता येईल तिथे राहायचं. पण-बिण काही नाही."

गुरुवारी अर्ज परत आला. त्यावर शेरा होता, 'निवेदनात पण नसल्याने सदर व्यक्ती चार लोकांत मोडत नाही.'

या सगळ्या दिवसांत बायको मात्र रोज धुतलेलेच कपडे धुवायला म्हणून मुंगीला घेऊन लाँड्रीत जात होती. मुंगी बाकावर बसून बोलायची, लाँड्रीवाला इस्त्री हवेत धरून थांबायचा. सोमवारी एक वाक्य झाले. गुरुवारपर्यंत मुंगीने त्याला आख्खी गोष्ट सांगितली, एका मोज्याची, ज्याचा जोडीदार यंत्रात हरवतो. त्याला त्यातले काही कळले नाही. गोष्ट संपल्यावर त्याने बेवारस मोज्यांची टोपली आणून तिच्यापुढे ठेवली, त्यावरून थोडेफार कळले असावे.

शुक्रवारी सुनावणी होती. बाईंनी फाइल बाजूला सारली; तिला सारायला दोन शिपाई लागले. "नियमाप्रमाणे बालकाचेही म्हणणे घ्यायचे आहे," त्या म्हणाल्या. "बालकाला तीन मिनिटे."

टेबलावर घड्याळ ठेवण्यात आले. मुंगी उभी राहिली. तिने तयारी केली होती. लाँड्रीत सकाळीच तिने ते वाक्य तीनदा म्हणून पाहिले होते, तिन्ही वेळा पुरे झाले होते. तिच्या आईने दोन्ही हातांनी खुर्ची धरली होती.

"म-मला," मुंगी म्हणाली, "त-त-त-"

खोली थांबली. बाई थांबल्या. दुभाषी, ज्याची तशी शपथ नव्हती, तोही थांबला. घड्याळ तेवढे चालत होते. अर्धे मिनिट गेले. मुंगीच्या कपाळावर घाम आला. दारात वहिनी उभ्या होत्या, सहज म्हणून आलेल्या, आणि त्या मान जराशी तिरकी करून पाहत होत्या. अभियंत्याने ती मान पाहिली.

"तळं!" तो म्हणाला. "तिला तळं आवडतं."

हे त्याने प्रेमाने केले. मुद्दाम सांगतो, कारण ते द्वेषाने केले असते तर एकदाच केले असते.

दुभाष्याने शब्दाला शब्द दिला. बाईंनी मुलीकडे पाहिले. "हे बरोबर आहे का?"

"न-न-" मुंगी म्हणाली. "न-न-न-"

"तिला बोलू द्या!" आई ओरडली.

"न-न-न-"

घड्याळ वाजले.

बाईंनी पेन उचलून परत खाली ठेवले. पण नियम नियम असतो, तो सगळ्यांसाठी सारखा असतो, म्हणून तर ज्याला जास्त वेळ लागतो तो त्यात मरतो. त्यांनी लिहिले, 'बालकास तळे आवडते. हरकत: निरंक.'

लाँड्रीवरचे घर त्याच दुपारी दुसऱ्या कुटुंबाला गेले. शाळेतली जागा घराबरोबर गेली.

आता ते चौदाव्या मजल्यावर राहतात. टॉवरमधली लिफ्ट अभियंत्याच्याच कंपनीची आहे, म्हणजे बोलते. शाळेतून आल्यावर मुंगी लिफ्टमध्ये उभी राहून ओठ आवळून तयारी करते. तेरावा गेला की "चौ-चौ-" एवढे म्हणते, तेवढ्यात लिफ्ट स्पष्ट, सुंदर, न अडखळणाऱ्या आवाजात सांगते, "चौदावा मजला." हल्ली ती "चौ"सुद्धा म्हणत नाही. शाळेच्या प्रगतिपुस्तकात 'वर्गात गडबड करत नाही' असा चांगला शेरा आला आहे. दादाने फोनवर विचारले, "तळं दिसतं ना?" अभियंता म्हणाला, दिसतं. बादली त्याने आता तिथेच उपडी ठेवलेली असते. बायको त्याच्याशी बोलते, पण मोजके. ती वाक्य अर्धे सोडते आणि तो ते पूर्ण करतो का, हे पाहत असते. तो करतो. चुकीचे करतो.

प्रकरण मिटले असे समजू नये. गेल्या आठवड्यात कार्यालयाचे पत्र आले. घर ताब्यात दिले असले तरी फाइल बंद करता येत नाही, कारण नमुना म्ह-चार मधला चौथा रकाना अद्याप कोरा आहे. त्या जागी बसणाऱ्या व्यक्तीची लक्षणेही कार्यालयाने दिली आहेत. जी त्या घरात राहत नाही, भाडे भरत नाही, त्या पोरीला कधी भेटलेली नाही, आणि तरीही बसल्या जागी, कोणी विचारलेले नसताना, त्या कुटुंबाविषयी काहीतरी म्हणते, अशी व्यक्ती.

मी मराठीत गोष्टी लिहितो म्हणून बाईंनी फाइल माझ्याकडे दिली आणि विचारले, आहे का तुमच्या माहितीत कोणी?

मी म्हटले, शोधतो. म्हणून हे सगळे लिहून तुमच्यापुढे ठेवले. 'लाँड्रीच्या वर' हे वाचताना तुमचे नाक किंचित हलले, ते मी पाहिले. त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. आणि आता तुम्ही म्हणालात, काय हा बाप! म्हणालात ना? आमच्या घरी असलं काही नसतं, आम्ही पोरांना बोलू देतो, पण...

बास. तेवढे पुरे. या इथे सही करा. शिक्का आम्ही मारून घेऊ.